चावीकाकांचा एकच माऊस

चावीकाकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच पडून असायचं. पाणीपुरवठा खात्यात त्यांना सगळे चावीकाका म्हणूनच ओळखत. तरुणपणी खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी टाकून ते गल्लोगल्ली फिरत, रस्त्यातली झाकणं उचलून व्हॉल्व्ह पिळत. कुठल्या गल्लीत किती पिळे दिले की शेवटच्या घरातल्या बादलीत धार पडते, हे त्यांना तोंडपाठ होतं. चावीचं एक टोक पाइपाला आणि दुसरं कानाला लावून ते सांगत, "इथं गळतंय. दोन हात पुढे खणा." खणलं की तिथंच गळत असायचं. पुढे व्हॉल्व्हना मोटारी बसल्या, चावी कोपऱ्यात गेली आणि काका पंपघराच्या वरच्या मजल्यावर, कंट्रोल रूममध्ये येऊन बसले.

ही कंट्रोल रूम म्हणजे काही सिनेमातली नव्हे. एक लांबडं टेबल, एक गिरक्या घेणारी खुर्ची, चहाचा थर्मास आणि तीन कॉम्प्युटर. डावीकडचा टाक्यांमधली पातळी दाखवी, मधल्यावरून व्हॉल्व्ह उघडत आणि बंद होत, उजवीकडच्यावर दिवसभराच्या नोंदी लिहायच्या. तिन्ही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या साहेबांच्या कारकिर्दीत घेतलेले. तीन जावांसारखे शेजारी शेजारी बसत, पण एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. त्यामुळे टेबलावर तीन कीबोर्ड, तीन माऊस आणि वायरींचा हा गुंता.

काकांचं नऊ वर्षं या तिघांशी बरं चाललं होतं. दहाव्या वर्षी त्यांचा हात चुकीच्या माऊसवर पडायला लागला. टाकीची पातळी बघायची असे आणि हातात नोंदींचा माऊस येई. एकदा कीबोर्ड ओढताना चहाचा कप आडवा झाला, एकदा थर्मासच खाली गेला. लोक हसले, काकाही हसले. मग एका दुपारी रजा टाकून ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले.

डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू आहे. तुमची कडेची नजर गेली आहे, ती आता परत येणार नाही. समोरची आहे ती थेंब घालून राखायची. गाडी चालवू नका. आणि ऑफिसात सांगा."

काकांनी थेंब आणले. स्कूटर विकली आणि घरी सांगितलं की चालल्यानं व्यायाम होतो. थेंबांबद्दल बायकोला सांगितलं की एसीनं डोळे कोरडे पडतात. ऑफिसात मात्र काहीच सांगितलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि काकांच्या डोक्यात त्यांचे वडील होते. वडिलांची नजर अशीच गेली होती. मग ते दाराजवळच्या खाटेवर अकरा वर्षं बसून होते, आणि घरातले लोक त्यांच्याच देखत त्यांच्याविषयी ते तिथं नसल्यासारखे बोलत. काकाही बोलले होते. त्याची लाज त्यांना अजून वाटे, आणि तीच खाट आपली वाट बघतेय अशी भीतीही वाटे.

मग त्यांनी एक शक्कल काढली. खात्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक बाई कंत्राटावर होती. पस्तिशीची, दोन मुलींची आई, सबंध खात्याची ताई. पाठीवर सॅक टाकून एका पंपघरातून दुसऱ्या पंपघरात पळत असायची. काका तिला म्हणाले, "ताई, माझं मनगट फार दुखतं गं. तीन तीन ठिकाणी हात मारायचा म्हणजे जीव जातो. एकाच माऊसवर तिघांना नाचवता येणार नाही का?"

"येईल की," ताई म्हणाली. "तसा प्रोग्रॅमच असतो. साहेबांची लेखी परवानगी लागेल पण."

"साहेबांच्या परवानगीपर्यंत मनगट उरायचं नाही माझं."

ताई हसली. तिच्या पहिल्या आठवड्यात, तिला कुणी बसायला खुर्चीही देत नव्हतं तेव्हा, काकांनीच तिला थर्मासातला अर्धा चहा दिला होता. तिनं त्याच दुपारी तिन्ही कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रॅम टाकला आणि दोन माऊस, दोन कीबोर्ड उचलून कपाटात ठेवले.

टेबल एकदम मोकळं झालं. माऊस उजवीकडे सरकवला की स्क्रीनवरचा बाण डाव्या कॉम्प्युटरच्या कडेतून निघून मधल्यावर येई, तिथून पुढे सरकवला की उजवीकडच्यावर. आणि कीबोर्ड बाणाच्या मागे मागे जाई. बाण ज्या स्क्रीनवर, त्या कॉम्प्युटरमध्ये अक्षरं पडणार.

"म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची," ताईनं बजावलं. "लिहिण्याआधी बाण कुठं आहे ते बघायचं. मग हे वरचं स्क्रोल लॉकचं बटण दाबायचं. त्यानं बाणाला कुलूप लागतं, चुकून धक्का लागला तरी तो स्क्रीन सोडून जात नाही. लिहून झालं की कुलूप काढा." बटण सापडावं म्हणून तिनं सॅकमधून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि त्यावर एक ठिपका दिला.

काकांनी हे सगळं मनापासून पाळलं. कुलूप लाव, लिही, कुलूप काढ. सहा-सात महिने असे गेले की काका स्वतःवरच खूश झाले. फक्त बाण शोधण्याचा प्रकार दिवसेंदिवस अवघड होत चालला होता. आता त्यांना दिसत होतं ते बशीएवढं. बशीच्या आतलं स्वच्छ, बाहेरचं नाहीच. त्या बशीतून तीन स्क्रीनवर एवढासा बाण हुडकायचा म्हणजे वेळ लागे, आणि कुणी खोलीत असलं की काका तेवढा वेळ घ्यायला घाबरत. मग त्यांनी शोधणं सोडलं. हाताच्या अंदाजानं माऊस ढकलायचा, मनात म्हणायचं, पोचला, आणि लाल ठिपका दाबायचा.

निवृत्तीला चौदा महिने उरले असताना, सकाळी अकराच्या सुमाराला, सात नंबरच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून फिटरचा फोन आला. फिटरला सगळे पाना म्हणत, कारण तो पाना खिशात घेऊनच लग्नाला उभा राहिला होता अशी वदंता होती.

"काका, सात बंद ना? वॉशर बदलायला उतरतोय."

खड्ड्यात उतरण्याआधी मोटारीचं बटण हातानं बंद करायचं असा नियम होता. पण चावीकाका बंद म्हणाले की बंद, हा रिवाज त्या नियमाहून जुना होता. काकांनी मधल्या स्क्रीनवर मान नेऊन बघितलं. सात लाल होता. लाल म्हणजे बंद.

"बंद आहे. उतर."

मग त्यांनी माऊस उजवीकडे ढकलला, मान उजवीकडे वळवली, लाल ठिपका दाबला आणि नोंद लिहिली: ७ बंद, फिटर खाली. शेवटी दोनदा एंटर मारलं. ही त्यांची नोंदवहीपासूनची सवय. वहीत ते प्रत्येक नोंदीनंतर एक ओळ कोरी सोडत, कॉम्प्युटरवरही सोडत.

बाण उजवीकडे पोचलाच नव्हता. तो मधल्या स्क्रीनच्या अगदी काठावर थांबला होता, आणि काकांनी त्याला तिथंच कुलूप लावलं होतं. कुलूप लागलं, पण चुकीच्या घराला. व्हॉल्व्हच्या प्रोग्रॅमला अक्षरं कळत नसत, फक्त आकडे कळत. त्यानं बाकी सगळं सोडून सात तेवढा घेतला. सात बंद होता, म्हणून पहिल्या एंटरला त्यानं विचारलं, सात उघडू का? दुसरा एंटर म्हणजे हो.

काका उजवीकडच्या स्क्रीनकडे बघत होते. लिहिलेलं उमटेना. मशीन हळू चाललंय असं वाटून त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं. त्याच वेळी, त्यांच्या डाव्या कोपरापासून हातभर अंतरावर, सात नंबरचा लाल चौकोन मिणमिणत हिरवा होत होता. त्या खुर्चीत दुसरा कुणीही असता, तर त्याला ते दिसलं असतं.

फोन वाजला आणि खड्ड्याच्या काठावरून पान्याचा जोडीदार ओरडायला लागला तेव्हा काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मान फिरवली, हिरवा बघितला, बंद केला. मोटारीला व्हॉल्व्ह पुरता बंद करायला पावणेदोन मिनिटं लागतात. ती पावणेदोन मिनिटं काका उभेच होते.

पान्याला दोरानं वर ओढून काढलं. पाण्याच्या लोंढ्यानं त्याला भिंतीवर आपटलं होतं. तीन बरगड्या आणि उजवा हात मोडला, नाकातोंडात पाणी गेलं, पण जीव वाचला.

ताई तासाभरात आली. येऊन आधी काकांना पाणी दिलं, मग कॉम्प्युटरसमोर बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "काका, बाण मधल्यावरच होता. तुम्हाला दिसला नाही का?"

दारात साहेब उभे होते, आणखी दोघे-चौघे होते. काकांनी दाराकडे मान वळवली. ते म्हणाले, "मी स्वतः पाहिलं ना. उजवीकडेच होता. तुझा प्रोग्रॅम अडकला."

हे वाक्य त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. ते बाहेर पडलं आणि सगळ्यांनी ते झेलून घेतलं. साहेबांना ते आवडलं, कारण नियम न पाळता माणसं खड्ड्यात का उतरतात हा प्रश्न त्यानं मागे पडत होता. बाकीच्यांना आवडलं, कारण चावीकाकांना कोण दोष देणार? दुपारपर्यंत सगळं खापर ताईच्या डोक्यावर फुटलं होतं. विनापरवानगी प्रोग्रॅम टाकला. कंत्राट संपवायचं आणि तसं लेखी कळवायचं, म्हणजे दुसऱ्या खात्यातही तिला कुणी घेणार नाही.

ताईनं सॅक उतरवली. ती दोन दिवस त्या खोलीत जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसून होती. प्रोग्रॅममधला बिघाड शोधत होती. हजार वेळा बाण इकडून तिकडे नेला, हजार वेळा तो बिनचूक गेला. "काका, तुम्ही माऊस जोरात सरकवला होता का हळू?" ती विचारी. "कुलूप आधी लावलंत का नंतर?" आणि काका प्रत्येक वेळी काहीतरी उत्तर देत. नसलेली चूक ती आपल्या कामात शोधत होती आणि ते खुर्चीत बसून बघत होते. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत चावीकाका इतके हलकट वागले की त्यांची बाजू घेणं आपल्यालाही जड जावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पान्याला बघायला गेले. पान्याचा हात छातीशी बांधलेला, आवाज बसलेला. तो म्हणाला, "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मशीनचंच काय ते. तुम्ही बंद म्हणालात म्हणजे बंदच असणार." काका स्टुलावर टेकलेसुद्धा नाहीत. कामाचं निमित्त सांगून ते निघाले आणि दवाखान्याच्या दारात एका बाईला धडकले.

घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "उद्या चौकशी आहे. जबाब लिहून तयार आहे, मला नुसती सही करायची."

"काय लिहिलंय त्यात?"

काकांनी सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "आणि डोळ्यांचं?"

"डोळ्यांचं काय?"

"वर्षभर मी तुमच्या वाटेतली स्टुलं उचलतेय. बादली बाजूला करतेय. दाराची फळी अर्धी उघडी राहू देत नाही. तुम्हाला वाटलं, घर आपोआप मोकळं होतंय?"

काकांनी सावकाश मान फिरवून खोली बघितली. मग त्यांना राग आला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल म्हटलं. तुमच्या वडिलांचं मीच केलंय. तुम्हाला कसली भीती वाटते ते मला काय माहीत नाही?" तिनं लाटणं ठेवलं. "पण त्या पोरीला दोन मुली आहेत हो."

"चौदा महिने राहिलेत," काका म्हणाले. "चौदा महिने गेले की मी सगळ्यांना सांगेन."

तिनं ताट वाढलं. त्यांच्या ताटाशेजारी पाण्याचा पेला ठेवला, मग तो उचलून बरोब्बर समोर ठेवला. काकांनी ते पाहिलं आणि त्यांना जेवण गेलं नाही.

चौकशी साहेबांच्या खोलीत होती. काका आत गेले, हातानं खुर्ची चाचपून बसले. समोर साहेब, शेजारी बाहेरून आलेले एक अधिकारी, टेबलाच्या टोकाला कारकून. काकांनी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. ताई आलेली नव्हती. त्यांचा जीव भांड्यात पडला. तिच्यासमोर सही करायची वेळ आली नाही, एवढ्याचंच त्यांना बरं वाटलं.

कारकुनानं जबाब वाचला. सदर प्रोग्रॅममध्ये अचानक बिघाड झाल्यामुळे. सदर कर्मचाऱ्यानं पूर्ण दक्षता घेतलेली असताना. काकांच्या पुढ्यात कागद आला, पेन आलं. त्यांनी टोपण काढलं.

"ताई, तुम्हाला काही म्हणायचंय?" साहेबांनी विचारलं.

"हो," काकांच्या डाव्या कोपराजवळून आवाज आला.

काका असे दचकले की पेन हातातून सुटलं. ताई त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होती, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

"काका आत आले तेव्हा मी त्यांना हात केला," ताई सांगत होती. "त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. ठीक आहे, रागावले असतील. पण साहेब, मी दोन दिवस बिघाड शोधतेय आणि मला तो सापडत नाही. मला काढायचं तर काढा. माझं काय चुकलं एवढं तरी मला कळू दे. उद्या दुसरीकडे मी हाच प्रोग्रॅम टाकेन आणि तिथं कुणाचा जीव जाईल."

काकांनी मान तिच्याकडे वळवली. मग ती दिसली. डोळे सुजलेले, मांडीवर वही, वहीत तक्ते. नसलेल्या बिघाडाचे तक्ते.

"तू कधीची बसली आहेस इथं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या आधीपासून."

काकांनी मान परत समोर वळवली, साहेबांच्या तोंडाकडे सरळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, आहेस तिथंच हात वर कर. बोटं दाखव. हवी तेवढी."

"काका, काय करताय?"

"कर गं." मग साहेबांना म्हणाले, "साहेब, तिनं किती बोटं धरलीत ते तुम्हाला दिसतंय. कारकुनाला दिसतंय. मला विचाराल, तर तिनं हात वर केलाय की नाही हेसुद्धा मला माहीत नाही."

साहेबांनी त्या हाताकडे बघितलं, मग काकांकडे. काकांनी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, मनगटाची थाप, बाण न शोधता कुलूप लावणं, दोनदा मारलेलं एंटर, आणि हातभर अंतरावर हिरवा झालेला सात. सांगताना त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. बाहेरचे अधिकारी काहीतरी लिहून घेत होते. साहेबांनी जबाबाचा कागद उचलून दुमडला. म्हणाले, "काका, उद्यापासून वर बसू नका." आणि थोडं थांबून, "पुढचं काय करायचं ते बघावं लागेल. ताईंचंही."

"तिनं मी सांगितलं म्हणून केलं, हे लिहा," काका म्हणाले. "तेवढं आत्ता लिहा." कारकुनानं साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मान हलवली, आणि त्यानं ते लिहिलं. काकांनी त्यावर सही केली.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी काका कठडा धरून उभे राहिले. ताई मागून आली. ती आता काहीतरी बरं बोलेल, निदान चला घरी सोडते म्हणेल, असं त्यांना वाटलं.

"मला मनगट म्हणालात तुम्ही," ती म्हणाली.

"हो गं. चुकलंच माझं."

"डोळे म्हणाला असतात ना, तर मी आवाज लावून दिला असता. बाण एका स्क्रीनवरून दुसरीवर गेला की वाजणारा. तिघांना तीन वेगळे आवाज. तुम्हाला बघायची गरजच पडली नसती काका. तुमच्यासारखे कान आहेत कुणाचे या खात्यात? पाइपातलं पाणी ऐकू येतं तुम्हाला." तिनं सॅक खांद्यावर चढवली. "पाच मिनिटांचं काम होतं. पाच मिनिटांचं."

ती जिना उतरली. काका तिथंच उभे होते. तिच्या चपलांचा आवाज त्यांना अगदी शेवटच्या पायरीपर्यंत स्वच्छ ऐकू आला.